एक जूनचे जुळे

चाळीस मिनिटांत माणसाचं मत फार ठाम होतं, हे मी एकतीस वर्षं दैनिकाच्या डेस्कवर बसून शिकलो. तासभर मिळाला तर दुसरी बाजू दिसायला लागते आणि दोन तास मिळाले तर लेखच होत नाही. २००१ च्या फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी मुंबईहून फॅक्सने लेख यायचा होता. आला, पण त्यात लेखकाचं नाव आणि खाली एक लांबलचक काळा पट्टा एवढंच होतं. संपादक म्हणाले, "देवरे, सहाशे शब्द. आठला पान छपाईला सोडायचंय." घड्याळात सात वीस झाले होते.

मी 'खुर्च्या मोकळ्या करा' हा लेख लिहिला. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत भरती बंद, शिकलेली पोरं चौकाचौकांत उभी आणि आमच्या पिढीची माणसं मुदतवाढीवर मुदतवाढ घेत खुर्चीला चिकटलेली, असा एकूण सूर होता. "'आधी माझं होऊ दे, मग तुझं बघू,' हे या समाजातल्या ज्येष्ठांचं ब्रीदवाक्य झालं आहे," हे वाक्य मला सात बावन्नला सुचलं आणि मी ते चौकटीत टाकलं. तेव्हा मी स्वतः कागदोपत्री सत्तावन्न वर्षं आठ महिन्यांचा होतो. हा तपशील लेखात आला नाही. सहाशे शब्द भरले होते.

लेख गाजला. एकवीस पत्रं आली. त्यांतली एकोणीस तरुणांची होती आणि दोन शुद्धलेखनाबद्दल होती. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मनालीने त्याचं कात्रण लावलं. मनाली म्हणजे आमचे शेजारी झुंबरराव शेवाळे यांची मुलगी. चार वर्षांपासून ती आमच्याच दैनिकात कंत्राटी उपसंपादक होती आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. घरी ती मला 'काका' म्हणायची, ऑफिसात 'सर' म्हणायची आणि मधल्या रस्त्यात भेटली तर नुसती हसायची.

एप्रिलच्या नऊ तारखेला मला पर्सोनेल विभागाचं पत्र मिळालं. 'आपण दि. ३१ मे २००१ रोजी कार्यालयीन वेळ संपल्यानंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहात.' मी ते आधी उपसंपादक म्हणून वाचलं आणि 'कार्यालयीन वेळ संपल्यानंतर' हे शब्द पेन्सिलीने कापले. मग माणूस म्हणून वाचलं, तेव्हा काहीच कापता आलं नाही.

माझी जन्मतारीख एक जून १९४३. ज्यांना खेड्यातल्या जुन्या शाळा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, की एक जून ही तारीख नसून सोय आहे. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला मास्तर गावात फिरून पोरं गोळा करायचे. पोराची तारीख बापाला माहीत नसायची. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, कान सापडला की सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जून लिहायचे. त्यामुळे दर एकतीस मेला महाराष्ट्रातल्या कचेऱ्या ओस पडतात. आमच्या दैनिकातच त्या दिवशी चौघे निवृत्त होणार होते. मी, छपाईचा फोरमन, एक शिपाई आणि जाहिरातवाले एक गृहस्थ. चार वेगवेगळ्या तालुक्यांतल्या चार आया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या.

माझा धाकटा भाऊ बहिरू, त्याचीही तारीख एक जून १९४३. आम्हा दोघांना वडिलांनी एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं होतं आणि मास्तरांनी एकाच दौतीत टाक बुडवून दोघांची तारीख लिहिली होती. कागदोपत्री आम्ही जुळे. बहिरूने चौथीनंतर शाळा सोडली आणि सटाण्याजवळच्या आमच्या गावी कांदा लावायला घेतला. कांदा कुणाला जन्मतारीख विचारत नाही, त्यामुळे हा प्रश्न पुढे निघाला नाही.

पण आई लहानपणापासून म्हणायची, "मास्तरनी वय वाढायी दिन्हं." मास्तरांनी वय वाढवून ठेवलं. कुणाचं, ते ती सांगायची नाही आणि मी कधी विचारलं नाही. शाळेत हुशार मी होतो, तेव्हा वाढवलं असेल तर माझंच, आणि तेही चांगलं दोन वर्षांनी, असं मी धरून चाललो होतो. 'धरून चाललो होतो' हे शब्द एखाद्या वार्ताहराच्या बातमीत आले असते तर ती बातमी मी त्याच्या अंगावर परत फेकली असती.

पत्र आलं त्याच संध्याकाळी झुंबरराव आले. झुंबरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे दोनदा निवृत्त झालेले. पहिला निरोपसमारंभ झाल्यावर आठ दिवसांनी त्यांच्या जन्मतारखेच्या दुरुस्तीचा हुकूम आला आणि ते शाल घरी ठेवून पुन्हा कामावर गेले. दीड वर्षाने दुसरी शाल मिळाली. आता ते एका ठेकेदाराकडे सल्लागार होते. त्यांचा मुलगा महेश डिप्लोमा करून बसला होता. त्याचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं. "महेशला नोकरी नाही म्हणून मला करावी लागते," झुंबरराव म्हणायचे. आणि त्यांची बायको आतून म्हणायची, "तुम्ही करता म्हणून त्याला घाई नाही."

"देवरे, वय हा विषय माझ्यावर सोडा," झुंबरराव खुर्ची ओढत म्हणाले. "तुम्ही खरे कोणत्या सालचे?"

"पंचेचाळीस असावं."

"असावं नाही, आहे! अर्जात 'असावं' लिहिलं की केस मेली. दोन वर्षं तुमच्या हक्काची आहेत. मास्तराच्या चुकीची शिक्षा तुम्ही का भोगायची?"

मी म्हटलं, "पण माझा तो लेख…"

"लेखात काय म्हटलंय? वय झालेल्यांनी जागा सोडावी. तुमचं झालेलं नाही. मग लेख तुम्हाला लागू कसा?"

एवढा तर्कशुद्ध वाचक मला एकवीस पत्रांतही भेटला नव्हता.

माझी बायको शुभांगी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिचा जन्म नाशिक शहरात दवाखान्यात झालेला, त्यामुळे तिच्याकडे अकरा नोव्हेंबर १९४४ चा शिक्क्याचा दाखला आहे. ती भाजी निवडत सगळं ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही पंचेचाळीसचे झालात तर माझ्यापेक्षा लहान," ती म्हणाली.

"कागदावर."

"मग एकतीस वर्षं मी अहो-जाहो करते ते कुणाला?" तिने एक शेंग मोडली. "आणि पत्रिका? बाबांनी पत्रिका मागितली तेव्हा तुमच्याकडून निरोप आला होता, तारीख नक्की नाही, नावावरून गुण काढा. नावावरून अठरा जुळले. खऱ्या तारखेवरून किती जुळतात ते एकदा बघायला हवं."

मी विषय बदलला. अर्ज मात्र दुसऱ्या दिवशी दिला. तो झुंबररावांनीच सांगितला आणि मी लिहिला. माझ्या आयुष्यातला हा पहिला मजकूर, ज्यात मी दुसऱ्याने सांगितलेलं एक वाक्यही कापलं नाही.

पर्सोनेलचे साहेब अर्ज वाचून म्हणाले, "तारीख बदलायची तर नोकरी लागल्यावर पाच वर्षांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला एकतीस झाली."

"मग नामंजूर करा."

"तो अधिकार मला नाही. मी फक्त प्रलंबित ठेवू शकतो. प्रतिज्ञापत्र आणा, जन्माच्या नोंदीची नक्कल आणा." आणि त्यांनी अर्जावर 'प्रलंबित' असा जांभळा शिक्का मारला. मी बघितलं, त्यांच्या टेबलावर तेवढा एकच शिक्का होता.

प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाच्या आवारात गेलो. टायपिस्टने कागद चढवला आणि बोटं वर धरून विचारलं, "नाव?"

"मुरलीधर देवरे."

"वय?"

"त्याचंच प्रतिज्ञापत्र आहे."

"ते खाली येईल. वर पहिल्या ओळीत वय लागतं."

"वय ठरलेलं नाही, म्हणून तर हे करतोय."

"आणि वय टाकल्याशिवाय मला हे करता येत नाही." तो शांत माणूस होता. मागे सहा जण उभे होते. त्यांतल्या एकाने सुचवलं, "अठ्ठावन टाका, मग खाली लिहा की ते खोटं आहे." दुसरा म्हणाला, "छप्पन्न टाका, जज्जसाहेब कुठं मोजतात?" शेवटी टायपिस्टनेच मार्ग काढला. त्याने टाइप केलं, 'वय: सज्ञान'. डोक्यावरचे केस गेलेले, दाढा दोन गेलेल्या, आणि मी सज्ञान ठरलो. शिक्का बसला.

हे सगळं मनालीच्या कानावर जायला बारा मे उजाडला. कारण झुंबरराव घरी फक्त स्वतःच्या कामगिरीबद्दल बोलतात आणि घरातलं कुणी ते ऐकत नाही. त्या दिवशी दुपारी आमच्या भिंतीपलीकडून आवाज आले. आधी मनालीचा, मग तिच्या आईचा, मग बराच वेळ नुसता भांड्यांचा. पाच मिनिटांनी झुंबरराव आमच्या दारात उभे होते. चेहरा पडलेला.

"देवरे, जरा घोटाळा झालाय."

मागून मनाली आली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "काका, संपादकांनी मला काय सांगितलंय माहीत आहे? देवरे गेले की तुला कायम करतो. चार वर्षं मी तुमच्या खुर्चीकडे बघत बसलेय."

खरं सांगायचं तर ती माझ्या समोर बसायची आणि माझ्याकडे बघायची तेव्हा मला वाटायचं, ती काम शिकतेय.

"आणि आता मुंबईच्या ऑफिसचा कागद आलाय. एकतीस मेला जी जागा मोकळी असेल ती भरायची. जिच्याबद्दल वाद असेल ती जागा रद्द. कॉम्प्युटर आलेत, माणसं कमीच करायची आहेत त्यांना. तुमचा अर्ज प्रलंबित राहिला की जागा तुम्हाला पण नाही आणि मला पण नाही."

शुभांगी झुंबररावांना म्हणाली, "भाऊजी, पोटच्या पोरीची जागा आहे ही, एवढं लक्षात नाही आलं?"

"केस चांगली होती हो वहिनी," झुंबरराव पुटपुटले. "केस हातात आली की मला बाकीचं दिसत नाही."

आता करायचं काय? अर्ज मागे घे, म्हणणं सोपं होतं. पण मी खरोखर पंचेचाळीसचा असेन तर दोन वर्षं माझी होती, न्यायाने माझी होती, आणि ती सोडणं म्हणजे दान. दान द्यायला मी तयार होतो का? सकाळी होतो, दुपारी नव्हतो. मनालीचा हक्क माझ्या वयावर उभा होता आणि माझं वय कुणालाच माहीत नव्हतं. इतकी गोंधळलेली बातमी माझ्या टेबलावर आली असती तर मी वर एकच शब्द लिहिला असता: खात्री करा.

"मी खात्री करून येतो," मी मनालीला म्हटलं. "जे खरं निघेल ते."

"एकतीस मेच्या आत," ती म्हणाली. ती चांगली उपसंपादक होती.

गावी गेलो. आई चिमणाबाई ओट्यावर बसून कांद्याच्या पाती निवडत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मास्तरनी एकले मोठा कया नि एकले धाकला कया. कोणले काय कया, ते मी काय लिखी ठेयेल शे का?"

एकाला मोठा केला आणि एकाला लहान, आणि कुणाला काय ते तिने लिहून ठेवलेलं नव्हतं! पन्नास वर्षांत हा उत्तरार्ध तिने पहिल्यांदाच सांगितला होता.

बहिरू शेतातून आला. तो वेगळ्याच चिंतेत पडला. "दादा, तू धाकला व्हयना तर मी कोण व्हसू?" गावात त्याला सगळे 'धाकला देवरे' म्हणून ओळखत होते. साठीच्या तोंडावर त्याला थोरलेपण नको होतं. थोरल्याला भाऊबंदकीच्या बैठकांना जावं लागतं.

जुन्या जन्मनोंदींच्या वह्या तालुक्याच्या एका कचेरीत ठेवलेल्या होत्या. तिथला तरुण कारकून साई याने दोन वह्या काढून दिल्या. आकडे मला वाचता येत होते. नावं मोडीत होती, आणि मोडी म्हणजे माझ्या दृष्टीने ओल्या शाईतून चालत गेलेली मुंगी. 

"मोडी आबा वाचतात," साई म्हणाला आणि मला बाहेर घेऊन गेला. मुद्रांक विकणाऱ्याच्या शेजारी पत्र्याच्या सावलीत सावळीराम आबा बसले होते. वय ऐंशीच्या आसपास. हातात भिंग, भिंगाच्या मुठीला दोरा गुंडाळलेला. समोर आधीच चार माणसं कागद धरून उभी होती. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी, जमिनीच्या वादासाठी जुनं खत हवं, आणि ते वाचणारा त्या बाजूला हा एकच माणूस.

"तुम्ही का नाही शिकलात?" मी साईला हळूच विचारलं.

"तीन वर्षं मागं लागलोय. आबा म्हणतात, बघू."

माझा नंबर दीड तासाने लागला. आबांनी वही घेतली, पान फार हळू फिरवलं, मधेच भिंग पुसलं, चहा मागवला.

"आबा, जरा लवकर होईल का?"

"भराभर वाचलं की लोकांना वाटतं सोपं हाय," आबा म्हणाले. मग त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. एकोणीस फेब्रुवारी एकोणीसशे बेचाळीस. देवरे यांस मुलगा. पहिलाच." त्यांनी दुसरी वही उघडली. "दहा सप्टेंबर चव्वेचाळीस. त्याच देवरे यांस मुलगा. दुसरा."

"नीट बघा. पहिला पंचेचाळीसचा असायला हवा."

"पंचेचाळीसच्या वहीत देवरे नाय. तुम्ही थोरले ना? मग तुम्ही बेचाळीसचे." आबांनी भिंगातून माझ्याकडेच पाहिलं. "वाटता पण तेवढे."

म्हणजे वाढवलं होतं ते बहिरूचं, आणि माझं कमी केलं होतं. मी अठ्ठावन्नचा व्हायचा होतो तो कधीच होऊन गेलो होतो. नियमाने मी २९ फेब्रुवारी २००० रोजी घरी बसायला हवं होतं. त्यानंतर पंधरा महिने मी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि त्याच खुर्चीवर बसून 'खुर्च्या मोकळ्या करा' लिहिलं होतं.

राग कुणावर तरी काढायला हवा होता. मी म्हटलं, "आबा, या साईला शिकवत का नाही तुम्ही? तरुण पोरगा आहे, त्याचं भलं होईल."

"शिकवीन की. मग मी कुठं बसू? घरी?"

"घरी सुना-नातवंडं असतील."

"तेच तर," आबा म्हणाले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "नाशकाचे देवरे म्हणजे पेपरातले ना तुम्ही? वाचला मी तुमचा लेख. आपल्याला पटला. पण तो खुर्चीवाल्यांसाठी हाय." त्यांनी बुडाखालच्या लाकडी खोक्यावर थाप मारली. "मी खोक्यावर बसतो."

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागे दिवस मोजले. सवय आहे. एकोणीस फेब्रुवारी बेचाळीस ते दहा सप्टेंबर चव्वेचाळीस, नऊशे चौतीस दिवस. निम्मे चारशे सदुसष्ट. थोरल्याच्या तारखेत ते मिळवले तर येते एक जून १९४३. बरोब्बर. मास्तरांनी अन्याय कुणावरच केला नव्हता. त्यांनी आम्हा दोघा भावांची सरासरी काढली होती.

मनालीला सांगावं की नाही, यावर पिंपळगावपासून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत माझी दोन मतं होती. सांगितलं. तिच्याच घरी, झुंबरराव नाहीत असं बघून. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मला माहीत होतं, ती पंधरा महिने मोजत होती. मग म्हणाली, "काका, चहा घेणार का?"

चहा घेताना ती एवढंच बोलली, "हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

ते तिने कौतुकाने म्हटलं की रागाने, हे मला अजून कळलेलं नाही.

अर्ज मागे घ्यायला गेलो. साहेब म्हणाले, "कारण लिहा."

"चूक लक्षात आली."

"म्हणजे एक जूनच बरोबर?"

इथे मी थांबलो. एकतीस वर्षांत मी एकही माहीत असलेली गोष्ट दडवून बातमी सोडली नव्हती. पण खरी तारीख सांगितली तर पुन्हा चौकशी, पुन्हा वाद, पुन्हा तो जांभळा शिक्का, आणि मनालीची जागा रद्द. मी म्हटलं, "सरासरीने बरोबर आहे." साहेबांनी 'बरोबर आहे' एवढंच लिहून घेतलं. शेवटी ते माझ्यापेक्षा चांगले उपसंपादक निघाले.

एकतीस मेला आम्हा चौघा एक जूनवाल्यांचा एकत्र निरोपसमारंभ झाला. भाषणात संपादकांनी माझा लेख वाचून दाखवला आणि म्हणाले, "देवरे बोलले आणि देवरे चालले." टाळ्या पडल्या. मनालीच्या नेमणुकीचं पत्र त्याच वेळी देण्यात आलं. आयुष्यात इतका भला माणूस मी कधी वाटलो नव्हतो आणि इतका लबाडही.

टाळ्या थांबल्यावर संपादकांनी मला बाजूला घेतलं. "देवरे, मनालीची कंत्राटी जागा आता रिकामी झाली. उद्यापासून या तिथे. अनुभवी माणूस हवाय."

म्हणजे मी मनालीच्या टेबलावर बसायचं आणि माझ्या खुर्चीकडे बघायचं. शिवाय दारात तीन मुलं अर्ज घेऊन उभी होती. मी नको म्हणालो. तेही मोठ्याने, शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल असं. "यापुढे मी असंच काम करीन, ज्याला एकही तरुण हात लावत नाही."

घरी आल्यावर शुभांगीने विचारलं, "असं काम कोणतं?"

मला ते माहीत नव्हतं. दोन जूनला सकाळी दाढी करताना सुचलं: मोडी.

सावळीराम आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. साई बिचारा दारातून बघत होता. "तुम्हाला शिकवतो," आबा म्हणाले. "तुमचं वय झालंय, तुमच्यापासून धोका नाय. पण अट हाय. मी जिता असेपर्यंत कुणाचा कागद वाचून द्यायचा नाय."

मी कबूल केलं. दर शनिवारी सकाळच्या एसटीने सटाण्याला जायचं, आबांच्या खोक्याशेजारी जमिनीवर बसायचं, आणि संध्याकाळी परत. एका शनिवारी एक अक्षर. पुढचं कधी, असं विचारलं की आबा म्हणायचे, बघू. बाराखडी संपेपर्यंत दिवाळी गेली. साठीचा उमेदवार म्हणून मी त्या पत्र्याखाली वाट बघत होतो आणि साई माझ्याकडे जसं बघायचा, तसं बघताना मी मनालीला चार वर्षं पाहिलं होतं.

जानेवारीत इंदिरानगरमध्ये बोभाटा झाला की देवरेंना मोडी येते. लोक जुने कागद घेऊन यायला लागले. अटीप्रमाणे मी त्यांना परत पाठवत होतो, पण मनातल्या मनात वाचून घेत होतो. फार बरं वाटायचं. ऑफिस सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघत दारात उभं राहत होतं.

एका रविवारी सकाळी महेश आला. हातात कोरी वही, खिशाला नवा पेन. झुंबररावांनी पाठवलेला नव्हता, स्वतःहून आला होता.

"काका, मनालीताई सांगत होती, मोडी वाचणारी माणसं मिळतच नाहीत. सटाण्यात नाहीत, निफाडात नाहीत, इथेही नाहीत. मी बसतो रोज. जेवढं तुम्हाला येतं तेवढं तरी शिकवा ना."

मी त्याच्या वहीकडे बघितलं. पहिल्या पानावर त्याने आखून रेघा मारल्या होत्या, अगदी सरळ. पोराचा हात चांगला होता. डोळे तर माझ्यापेक्षा चांगलेच असणार. सहा महिन्यांत तो माझ्या पुढे गेला असता.

"शिकवेन," मी म्हटलं. "आधी माझं होऊ दे, मग तुझं बघू."

महेशने वही मिटली, "बरं काका," म्हणाला आणि जिना उतरून गेला. खाली सोसायटीच्या फळ्याजवळ तो थांबल्याचं मला गॅलरीतून दिसलं. बराच वेळ तो तिथे काहीतरी वाचत होता.

तो गेल्यावर मी खाली उतरलो. कात्रण उन्हाने पिवळं पडलं होतं, चौकट मात्र अजून स्वच्छ वाचता येत होती. मी चारही टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

वर आलो तर शुभांगी दारात होती. "ते का काढलंत?"

"जुनं झालं होतं," मी म्हटलं. "नव्याला जागा नको का?"